दुर्बीण कुणाच्या बाजूची?

डहाणू-तलासरीत ‘दुर्बीण’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या आयांच्या पिढीपासून तो घराघरांत आहे. कुटुंब नियोजनाच्या शिबिरातून तो आला. ‘दुर्बिणीने करतात, टाका नाही, सकाळी जा, संध्याकाळी घरी ये.’ बिनटाक्याची शस्त्रक्रिया असेच त्याचे नाव पडले. टाका नाही म्हटले की विचारायचेही फारसे काही उरत नाही, असा एक समज त्या नावाने पसरवला. नवऱ्याला कुणी विचारले नाही, कारण बायकोचे ‘काहीच नसते’. ते ‘काहीच नाही’ किती महाग पडू शकते, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसले. एकाच शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांवर दुर्बिणीने नसबंदी केली आणि त्यांतल्या डझनाहून अधिक दगावल्या. औषधांचा दोष की जंतुसंसर्ग, यावर पुढे बराच वाद झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगितले.

हे सगळे आता आठवण्याचे कारण म्हणजे तोच शब्द परत आला आहे, आणि या वेळी यकृतदानाच्या संदर्भात. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओंत, रुग्णाच्या नातेवाइकांशी होणाऱ्या बोलण्यात तो सारखा येतो. नवऱ्याला, मुलाला, भावाला यकृताचा भाग द्यायचा आहे ना? आता दुर्बिणीने होते, रोबोटने होते, व्रण दिसत नाही. मी डहाणू आणि आसपासच्या गावांत आजारी माणसांचे कागद करून देते, योजनांचे अर्ज भरते, कधी त्यांच्याबरोबर मुंबईला जाते. डॉक्टर नाही. पण ज्यांच्या पोटावर छेद पडतो, त्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. मला हे तंत्र हवे आहे. मी त्याच्या विरोधात नाही, उलट ते ज्यांना सर्वांत आधी मिळायला हवे त्यांना ते मिळत नाही, ही माझी तक्रार आहे. आणि ते ज्या शब्दांत विकले जाते, ते शब्द मला खटकतात.

आधी शस्त्रक्रिया काय असते ते पाहू. मोठ्या माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचे. प्रौढ रुग्णाला द्यायचे तर बहुतेक वेळा दात्याच्या यकृताचा उजवा भाग काढावा लागतो. म्हणजे साठ टक्के किंवा त्याहून थोडे जास्त. दात्याकडे निदान तीसेक टक्के तरी उरले पाहिजे, नाहीतर डॉक्टर पुढे जात नाहीत. लहान मुलाला द्यायचे तर डावीकडचा छोटा तुकडा पुरतो. उरलेले यकृत वाढते. पहिल्या काही आठवड्यांत भराभर, मग सावकाश. हा अवयव तेवढा उदार आहे, म्हणूनच जिवंत माणसाकडून तो मागता येतो.

जुन्या पद्धतीत बरगड्यांखाली आडवा आणि मधोमध उभा असा मोठा छेद घेतात. पोटाचे स्नायू कापले जातात. दुर्बिणीच्या पद्धतीत चार-पाच छोटी छिद्रे पाडून आत कॅमेरा आणि हत्यारे सोडतात, यकृत आतच विभागतात आणि सुटा झालेला भाग पिशवीत घालून ओटीपोटाजवळच्या, सिझरसारख्या आडव्या छेदातून बाहेर काढतात. रोबोट म्हणजे काही आपोआप चालणारे यंत्र नव्हे. हत्यारांचे हात यंत्राचे, चालवणारा डॉक्टर शेजारच्या खुर्चीत. आत जे कापले जाते ते दोन्ही पद्धतींत तेवढेच. तेवढाच यकृताचा भाग जातो, त्याच रक्तवाहिन्या, त्याच पित्तनलिका तोडाव्या लागतात. बाहेरचा छेद बदलतो.

या तंत्राला इतका वेळ का लागला, यातही एक शहाणपण आहे. जिवंत दात्याकडून यकृत घेऊन रुग्ण वाचल्याची पहिली नोंद १९८९ ची, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची. आईने बाळाला दिले होते. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला आणि तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. पित्ताशय त्या काळात जगभर दुर्बिणीने निघू लागले होते. तरी यकृताच्या दात्यावर दुर्बिणीचा पहिला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, फ्रान्समध्ये, डॅनिएल शेर्की यांच्या चमूकडून. तोही लहान मुलांसाठीच्या छोट्या तुकड्याचा. उजवा भाग पूर्णपणे दुर्बिणीने काढायला आणखी साधारण दहा वर्षे गेली. आज सेऊलच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयात ते नेहमीचे काम झाले आहे, रियाधच्या किंग फैसल रुग्णालयात रोबोटने दात्यांच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात, आपल्याकडे कोचीच्या अमृता रुग्णालयाने रोबोटची वाट धरली. इतक्या सावकाशीचे कारण एकच. टेबलावर झोपलेला माणूस आजारी नसतो. त्याला या शस्त्रक्रियेची काडीचीही गरज नसते. आजाऱ्याच्या बाबतीत ‘नाहीतर मेलाच असता’ असे म्हणता येते. दात्याच्या बाबतीत ते वाक्य कुणाच्या तोंडी शोभत नाही.

आता धाकटी डहाणूची गोष्ट. हे गाव हल्ली वाढवण बंदराच्या बातम्यांमुळे लोकांना कळले, पण ते त्याआधीही होते आणि बोंबील वाळवत होते. तिथल्या एका ताईंनी काही वर्षांपूर्वी नवऱ्याला यकृताचा भाग दिला. नवऱ्याला जुनी ‘बी’ कावीळ होती, ती कळली तेव्हा यकृत आक्रसून गेले होते. कुठल्या रुग्णालयात ते इथे महत्त्वाचे नाही. छेद जुन्या पद्धतीचा घेतला. दुर्बिणीची सोय दुसरीकडे होती आणि तिथला आकडा यांच्या वर्गणीच्या, विकलेल्या जाळ्यांच्या आणि गहाण दागिन्यांच्या बेरजेपलीकडचा होता.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांशी बोलताना मी शेजारी होते. ताईंनी एकच प्रश्न विचारला, “डोक्यावर पाटी कधी घेऊ?” डॉक्टर भले होते, पण त्यांना क्षणभर प्रश्नच कळला नाही. मी सांगितले, मासळीची पाटी, बर्फासकट, वीस-पंचवीस किलो सहज भरते. ती खालून उचलून डोक्यावर घ्यायची, रिक्षात टाकायची, डहाणू रोडला उतरवायची, परत उचलायची. डॉक्टर म्हणाले, तीन महिने तरी जड उचलू नका. ताई मोजायला लागल्या. तीन महिने म्हणजे अख्खा हंगाम.

त्या चौथ्या महिन्यात पाटीवर परतल्या. नवरा अजून होडीवर जाण्याजोगा नव्हता, घरात दुसरे मिळवणारे कुणी नव्हते. वर्षाच्या आत छेदाच्या जागी फुगवटा आला. हर्निया. रुग्णालयाने सांगितले की प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्ये हे बसत नाही, नवी शस्त्रक्रिया, नवा खर्च. नवऱ्याची फाइल तिथे जाडजूड होती, दर महिन्याची तपासणी, गोळ्यांचे डोस, सगळे. ताईंची फाइल घरी सोडल्याच्या दिवशी संपली होती. ज्या बाईच्या शरीरातून तो माणूस वाचला, ती बाई त्या रुग्णालयाच्या दृष्टीने रुग्ण कधी नव्हतीच.

दुर्बिणीची बाजू मी का घेते ती याच ठिकाणी. मोठ्या छेदानंतर पोटाच्या भिंतीला येणारा कमजोरपणा, हर्निया, बरगडीखालचे महिनोन्‌महिने टोचणारे दुखणे, हे सगळे लहान छेदात बरेच कमी होते. वेदना कमी, रुग्णालयातले दिवस कमी, उठून कामाला लागणे लवकर. जाहिरातीत मात्र काय दिसते? ‘व्रण दिसत नाही.’ एक तरुण मुलगी हसते आहे, पोट सपाट. अरे, ज्या बाईला वीस किलो उचलायचे आहे, जिला खाडीच्या चिखलात उभे राहायचे आहे, जिला तलासरीत भाताच्या लावणीला दिवसभर वाकायचे आहे, तिच्यासाठी ही पद्धत निघाली असे म्हणा ना! ऑफिसात बसणाऱ्याला चांगल्या खुर्चीत सहा आठवडे काढता येतात. मजुराचे पोट हेच त्याचे अवजार. छेद लहान करण्याचा सर्वांत मोठा फायदा ज्यांना व्हायचा, त्यांनाच तो परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो त्यांना तो सौंदर्य म्हणून विकला जातो.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यकृत प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांसाठी वेगळा निधी ठेवण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण अर्ज भरणारी बाई म्हणून माझा प्रश्न आहे की त्या रकमेत दाता कुठे आहे. दात्याचा छेद कोणत्या पद्धतीचा, हे रुग्णालयाच्या सोयीवर राहणार की दात्याच्या कामावर ठरणार? हर्निया झाला तर तो त्याच खर्चात धरणार का? केंद्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत खास रजा दिली. म्हणजे दात्याला पगारासकट विश्रांती लागते हे सरकारला मान्य आहे. धाकटी डहाणूच्या ताईंची रजा कोण मंजूर करणार? त्या बेचाळीस दिवसांची मजुरी योजनेतून द्यायला काय हरकत आहे? अवयवाची विक्री कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी. पण बुडालेली मजुरी भरून देणे म्हणजे विक्री नव्हे. १९९४ च्या कायद्यातल्या ‘मोबदल्या’च्या व्याख्येतच दात्याच्या बुडालेल्या कमाईची भरपाई वेगळी काढलेली आहे.

दुर्बिणीने काय बदलत नाही, तेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवे. उजवा भाग देताना दात्याच्या मृत्यूचा धोका साधारणपणे पाचशेत एक ते दोनशेत एक असा सांगितला जातो. पित्त गळणे, रक्तस्राव, उरलेले यकृत कमी पडणे, हे धोके छेद लहान झाला म्हणून नाहीसे होत नाहीत. शिवाय या पद्धतीत हात बसायला डॉक्टरला बऱ्याच शस्त्रक्रिया लागतात. तेव्हा ‘तुमच्याकडे दुर्बीण आहे का’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘तुम्ही स्वतः आजवर किती दात्यांवर अशी केली, आणि त्यांपैकी कितींना नंतर त्रास झाला’ हा पुढचा अर्धा. तो विचारताना आपले लोक कचरतात. डॉक्टर रागावतील असे वाटते. मासळी घेताना गिऱ्हाईक गलफड उघडून बघते, त्याचा कुणी राग मानतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात एका बाईने नवऱ्याला यकृताचा भाग दिला. नवराही गेला आणि काही दिवसांत तीही गेली. आरोग्य विभागाने नोटीस काढली, कागद मागवले. दोष कुणाचा हे ठरवणे माझे काम नाही. मला आठवते ती त्यानंतरची आमच्या इथली चर्चा. ‘बिचारी’ आणि ‘सती’ यांपलीकडे ती गेली नाही. न्यूयॉर्कमध्ये २००२ च्या जानेवारीत भावाला यकृत देणारा एक माणूस दगावला, तेव्हा तिथे कार्यक्रम थांबवला गेला, चौकशी झाली आणि राज्याने नियम बसवले. त्यांतला एक मोठा मुद्दा असा की दात्याच्या बाजूने बोलणारे स्वतंत्र माणूस हवे, ज्याचा रुग्णाशी, रुग्णाच्या डॉक्टरांशी काही संबंध नाही, आणि ज्याच्यापुढे दाता ‘नको’ म्हणू शकेल.

हे ‘नको’ कुणाच्या घशात अडकते? राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये जिवंत दात्यांपैकी सुमारे ६३ टक्के बायका होत्या. दुसऱ्या बाजूचा आकडा असा की १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी बायकांना मिळालेली ६,९४५. देताना बाई, घेताना पुरुष. यात प्रेम नाही असे मी म्हणत नाही. धाकटी डहाणूच्या ताईंना आजही विचारा, त्या परत देतील. पण बायको आजारी पडल्यावर किती नवरे, किती दीर रक्तगट तपासायला रांगेत उभे राहिले, हेही एकदा मोजू या. ‘तो कमावता आहे’ असे उत्तर येते. मासळी विकणारी काय करते मग?

आमच्या मुस्लिम घरांतही चित्र वेगळे नाही, फक्त प्रश्नांचा क्रम वेगळा. पहिला प्रश्न येतो, जायज आहे का? जेद्दाच्या फिक्ह अकादमीने १९८८ मध्येच अटी घालून प्रत्यारोपणाला मान्यता दिली, विक्री नाकारली. आपल्याकडेही अनेक उलेमांनी यावर लिहिले, बोलले आहे, आणि मतभेदही आहेत. तो प्रश्न विचारावाच. पण मी अशा बैठकीत बसले आहे, जिथे तासभर जायज-नाजायजवर चर्चा झाली आणि जिचे पोट उघडायचे ती भाभी आत चहा करत होती. ती राजी आहे का, हे विचारायला कुणी आत गेले नाही. तिला बोलावले ते सही करायला. त्या दिवशी कुणीतरी तिला सांगितले, “आता काही नसतं गं, दुर्बिणीने करतात.” आमच्या आयांना सांगितलेले तेच वाक्य.

गंमत म्हणजे कायदा आपल्या मौलवींच्या, पुढाऱ्यांच्या आणि माझ्यासारख्या कार्यकर्त्यांच्याही पुढे आहे. २०१४ च्या प्रत्यारोपण नियमांत स्पष्ट लिहिले आहे की दाता बाई असेल तर अधिक खबरदारी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी. किती चांगला नियम! प्रत्यक्षात ही ‘दुसरी व्यक्ती’ बहुधा सासू, दीर किंवा मोठी नणंद असते. म्हणजे जिथून दबाव येतो तिथूनच शिक्का. रुग्णालयाचा समुपदेशक भेटतो, पण तो मुंबईचे मराठी किंवा हिंदी बोलतो. मांगेल्यांची बोली, वारली घरातली भाषा, आमची दखनीकडे झुकणारी उर्दू यांत ‘मला भीती वाटते’ कसे म्हणतात हे त्याला ठाऊक नसते. दात्याने एकांतात नकार दिला तर चांगले डॉक्टर घरच्यांना फक्त इतकेच सांगतात की ‘ह्या दान करण्यायोग्य नाहीत’, आणि कारण पोटात ठेवतात. ही सोय आहे हे किती बायकांना माहीत आहे? मी विचारले तेव्हा एकीलाही नव्हते.

खरे तर जिवंत माणसाच्या पोटाला हात लावायची वेळच कमी यायला हवी. आपल्या देशात मृत्यूनंतर अवयव देणारे दर दहा लाख लोकांमागे एकही नाही. मेंदूमृत रुग्णांची नोंद वेळेत झाली, त्यांच्या नातेवाइकांशी कुणी नीट बोलले, तर कितीतरी बायकांवर हा प्रसंग येणार नाही. त्यावर वेगळे लिहावे लागेल. तोवर जिवंत दाते राहणारच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक बायका असणार आहेत.

म्हणून दोन कामे आपल्या संघटनेने हातात घ्यावीत असे मला वाटते, आणि ती इथूनच सुरू करता येतील. एक, डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दात्यांची वेगळी नोंद ठेवण्याची मागणी. प्रत्यारोपण मुंबईत होवो, अहमदाबादेत होवो. परतलेल्या दात्याची सोनोग्राफी आणि यकृताची रक्ततपासणी ठरावीक महिन्यांनी इथेच व्हावी. त्यासाठी रोबोट लागत नाही. एक वही, एक तंत्रज्ञ आणि वहीत नाव असलेल्या बाईला फोन करणारे कुणीतरी लागते. अडीच-तीन तास लोकलमध्ये उभे राहून, दिवसाची मासळी सोडून, ‘मी ठीक आहे का’ एवढे विचारायला कुणी बाई मुंबईला जात नाही. गेली तरी काउंटरवर विचारतात, पेशंट कुठे आहे.

दुसरे, नियमातली ती ‘दुसरी व्यक्ती’ आपल्यातल्या बायकांनी व्हावे. चार-पाच जणी तयार करू. एक मांगेली बोलणारी, एक वारली घरातली, एक उर्दू बोलणारी. जातपात, मजहब न पाहता. रुग्णालयांच्या समित्यांना पत्र लिहून मागणी करू की संमतीच्या मुलाखतीआधी दात्या बाईबरोबर आम्हाला एक तास एकटीने बसू द्या. त्या तासात उपदेश करायचा नाही, दे म्हणायचे नाही, देऊ नको म्हणायचे नाही. विचारायचे ते असे: तुझ्याकडे कुणी मागितले, की तू स्वतः म्हणालीस? घरी तू काय काय उचलतेस? तीन महिने ते कोण उचलेल, त्याचे नाव सांग. तू आजारी असतीस तर तुला कुणी दिले असते? कोणत्या पद्धतीने छेद घेणार ते तुला कुणी चित्र काढून दाखवले का? आणि ‘नको’ म्हणालीस तर ते या खोलीबाहेर जाणार नाही, हे तुला माहीत आहे का? पत्राचा मसुदा मी केला आहे. ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी कळवावे, मासळीबाजार उठल्यानंतरची वेळ धरू म्हणजे धाकटी डहाणूच्या ताईंनाही येता येईल.